दाविदाची स्तोत्रे मराठी चालीत का रुजली नाहीत?

१/
१९१९ साली निकोल मॅकनिकोल या पुण्यात काम करणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठी संतांच्या १०८ रचनांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, नामदेव, जनाबाई, एकनाथ आणि तुकाराम यांचे अभंग त्यात होते. पुस्तकाला त्याने नाव दिले ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’, म्हणजे मराठा संतांची स्तोत्रे. ‘साम’ हा शब्द स्कॉटिश माणूस सहजासहजी दुसऱ्या कशाला लावत नसे. त्याच्या कानात तो बायबलमधील दाविदाच्या स्तोत्रांचा शब्द होता.

२/
अभंग आणि दाविदाचे स्तोत्र ही एकाच जातीची रचना आहे, असे त्या नावातच मान्य केले होते. मग एक प्रश्न उरतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत अभंग आला, पद आले, कीर्तनही आले. पण बायबलमधील १५० स्तोत्रे आरंभापासून अखेरपर्यंत मराठी चालीत गाण्याची परंपरा का उभी राहिली नाही? पंजाबात ती उभी राहिली. कोल्हापूर आणि अहमदनगर येथे तसे घडले नाही. या फरकामागचा इतिहास या थ्रेडमध्ये पाहू.

३/
आधी मूळ ग्रंथाविषयी. मराठी बायबलमध्ये त्याचे नाव ‘स्तोत्रसंहिता’. एकूण १५० स्तोत्रे, पाच भागांत विभागलेली. सर्वांत लहान ११७ वे, केवळ दोन ओव्यांएवढे. सर्वांत मोठे ११९ वे, १७६ वचनांचे. बऱ्याच स्तोत्रांच्या माथ्यावर गायकप्रमुखासाठी सूचना आहेत, काहींवर तंतुवाद्यांचा उल्लेख आहे. थोडक्यात, हा ग्रंथ मुळात गाण्यासाठी आहे. हिब्रू काव्यात यमक महत्त्वाचे नसते. एक अर्धचरण काही सांगतो आणि दुसरा तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो किंवा पुढे नेतो.

४/
यातील १३६ वे स्तोत्र विशेष पाहण्याजोगे आहे. त्यात २६ वचने आहेत आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच आहे. एक आवाज पूर्वार्ध म्हणतो, समुदाय उत्तरार्ध म्हणतो. मराठी माणसाला याची फोड करून सांगावी लागत नाही. कोल्हापूरहून गारगोटीकडे निघाले की वेशीवरच कळंबा लागते. अशा कोणत्याही गावातील एकादशीच्या भजनात हेच चालते. बुवा चरण घेतो, टाळकरी पालुपद उचलतात. अक्षरओळख नसलेला मनुष्यही पहिल्या फेरीतच गाऊ लागतो.

५/
युरोपात सोळाव्या शतकापूर्वी स्तोत्रे गायली जात होती, पण प्रामुख्याने लॅटिनमध्ये आणि प्रामुख्याने मठांत व धर्मगुरूंकडून. सामान्य माणूस ती ऐकत असे. पहिले मोठे पुनरुज्जीवन जिनिव्हात झाले. जॉन कॅल्व्हिनने १५३९ साली स्ट्रासबुर्ग येथे फ्रेंच पद्यरूपातील स्तोत्रांचा पहिला छोटा संग्रह छापला. क्लेमां मारो आणि त्याच्यानंतर थिओडोर बेझा यांनी पद्यरूपांतराचे काम पुढे नेले. १५६२ साली सर्व १५० स्तोत्रांचा संग्रह, सुमारे सव्वाशे चालींसह, पूर्ण झाला.

६/
जिनिव्हाची पद्धत कडक होती. उपासनेत वाद्य नाही, अनेक सुरांची गुंफण नाही. सर्वांनी एकाच सुरात, स्वतःच्या भाषेत गायचे. चालीही लोकांच्या ओठांवर पक्क्या बसल्या होत्या. लुई बुर्जवा या संगीतकाराने १५५१ मध्ये परवानगीवाचून काही चालींत बदल केले, तेव्हा नगरपालिकेने त्याला तुरुंगात टाकले. कॅल्व्हिनच्या रदबदलीने त्याची सुटका झाली. घटना गमतीची वाटते, पण तिच्यातून एक गोष्ट कळते. पाठ झालेली चाल ही समुदायाची मालमत्ता होते.

७/
स्कॉटलंडने हाच मार्ग घेतला. १६५० च्या स्कॉटिश स्तोत्रसंग्रहात बहुतेक स्तोत्रे आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या साध्या वृत्तात बसवली होती. त्यामुळे मूठभर चाली शिकल्या की संपूर्ण ग्रंथ गाता येई. पुस्तके कमी आणि निरक्षरता जास्त, म्हणून एक अग्रगायक ओळ गाई आणि मंडळी ती मागून गात असे. हेब्रिडीस बेटांवरील गेलिक मंडळ्यांत ही पद्धत आजही ऐकू येते. भजनी मंडळाला ती मुळीच परकी वाटणार नाही.

८/
मग स्तोत्रे मागे कशी पडली? इंग्लंडमधील आयझॅक वॉट्सने १७१९ मध्ये दाविदाच्या स्तोत्रांचे ‘अनुकरण’ प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे होते की ख्रिस्ती मनुष्याने दाविदाच्या तोंडून नव्हे, ख्रिस्ती तोंडाने गावे. म्हणून त्याने स्तोत्रांत ख्रिस्ताचा उल्लेख आणला, युद्धाची व शापाची भाषा सौम्य केली आणि १२ स्तोत्रे सोडूनच दिली. सोडलेल्यांत दोन महत्त्वाची होती: ८८ वे, ज्याचा शेवट अंधारात होतो, आणि १३७ वे, जे निर्वासितांचे विलापगीत आहे.

९/
वॉट्सच्या रचना सुंदर होत्या आणि त्या झपाट्याने पसरल्या. न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनीही त्या स्वीकारल्या. १६४० साली याच न्यू इंग्लंडमध्ये छापलेले पहिले पुस्तक स्तोत्रसंग्रहाचे होते; शंभर-दीडशे वर्षांनी तेथील लोक वॉट्सचे पुस्तक उघडू लागले. येथून धागा मराठी मुलुखाकडे वळतो, कारण १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी याच मंडळ्यांतून आले होते. त्यांचे अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये अहमदनगरात पोहोचले.

१०/
म्हणजे मराठी प्रदेशात प्रॉटेस्टंट उपासना आली तेव्हा तिचे एक मोठे अंग आधीच स्तोत्रांपासून गीतांकडे सरकलेले होते. स्कॉटिश मिशनची गोष्ट वेगळी. ते १८२३ मध्ये कोकणात बाणकोट येथे आले. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या मायदेशी अजून स्तोत्रेच प्रमाण होती. पण मराठी गीतपरंपरेला आकार मिळाला तो मुख्यतः अहमदनगरात, आणि तेथे अमेरिकन होते.

११/
कोल्हापूरचा अध्याय १८५२ मध्ये सुरू होतो. रॉयल गोल्ड वाइल्डर त्या वर्षी कोल्हापुरात आले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाने उभे आहे. १८७० मध्ये हे मिशन अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन चर्चच्या परदेशी मंडळाकडे गेले. प्रेस्बिटेरियन म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतील. तेव्हा निदान येथे तरी स्तोत्रगायन आग्रहाने आले असेल अशी अपेक्षा होते. परंतु या विशिष्ट प्रेस्बिटेरियन चर्चने गीतांना मोकळीक दिलेली होती. १५० स्तोत्रांचा आग्रह धरणारे प्रेस्बिटेरियन निराळे होते, आणि ते पंजाबात उतरले होते.

१२/
त्यांचे नाव युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च. त्यांचे मिशन १८५५ पासून सियालकोटमध्ये काम करू लागले होते. उपासनेत केवळ दाविदाची स्तोत्रे गावीत, मानवनिर्मित गीते गाऊ नयेत, असा त्यांचा नियम होता. तो १९२५ मध्ये शिथिल झाला. या नियमामुळे सियालकोटच्या मंडळीपुढे दुसरा मार्गच नव्हता. गायचे असेल तर स्तोत्रे हवीत, आणि ती लोकांना गाता येतील अशी हवीत.

१३/
हे काम इमामुद्दीन शहबाज या पंजाबी पाळक-कवीने अंगावर घेतले. पहिला प्रयत्न उर्दूत, पाश्चात्त्य चालींवर झाला. तो खेड्यांत रुजला नाही. भाषा शहरी होती आणि चाल परकी. दुसरा प्रयत्न पंजाबीत, देशी रागांवर आणि लोकचालींवर झाला. मोठ्या स्तोत्रांचे तुकडे पाडून एकूण ४०५ गेय भाग तयार करण्यात आले. काम चालू असतानाच शहबाज यांची दृष्टी गेली. तरीही त्यांनी ते पूर्ण केले. १९०८ मध्ये संग्रह प्रसिद्ध झाला.

१४/
हे ‘पंजाबी झबूर’ आज पाकिस्तानातील आणि भारतीय पंजाबातील ख्रिस्ती लोकांच्या घरोघरी गायले जातात. त्या वेळच्या मंडळीत बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरच्या जातींतले, भूमिहीन आणि निरक्षर होते. बायबल वाचता न येणाऱ्या माणसाला बायबलचा एक संपूर्ण ग्रंथ तोंडपाठ झाला तो गाण्याने. लग्नात कोणते झबूर, मयतीला कोणते, हे ठरून गेले. जिनिव्हात जे फ्रेंचमध्ये झाले ते येथे पंजाबीत झाले.

१५/
आता पुन्हा अहमदनगर. तेथे गीतांची मोकळीक होती, म्हणून तेथील प्रतिभा वेगळ्या दिशेने फुलली. आरंभीच्या काळात इंग्रजी वृत्तांत मराठी शब्द बसवले जात. मराठी अक्षरांचे ऱ्हस्वदीर्घ त्या चालीत ताणले जात आणि अर्थ हरवत असे. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी याला पर्याय दिला. त्यांनी देशी चालींवर पदे रचली आणि वारकरी-नारदीय कीर्तनाचा साचा घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पद, साकी, दिंडी, अभंग ही सगळी सामग्री चर्चमध्ये आली.

१६/
त्यानंतर नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यात. बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात अडीचशेच्या आसपास रचना त्यांच्या आहेत. मे १९१९ मध्ये ते वारले. मॅकनिकोल यांचे पुस्तक त्याच वर्षीचे. मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या भाषेत रडता-हसता येईल असे गीत टिळकांनी दिले, याविषयी दुमत नाही.

१७/
म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही. मराठी चर्चने परके सूर आंधळेपणाने चालू ठेवले आणि त्यामुळे स्तोत्रे गेली, असे म्हणता येत नाही. उलट, देशी चालीचा विजय झाला. पण पंजाबात देशी चाल आणि दाविदाचे शब्द एकत्र आले. महाराष्ट्रात देशी चाल आणि नव्या कवीचे शब्द एकत्र आले. स्तोत्रसंहिता वाचनासाठी राहिली. काही गीतांना स्तोत्रांचा आधार आहे, पण झबूरांना पंजाबात जे स्थान आहे ते मराठीत कोणत्याही संपूर्ण गेय स्तोत्रसंग्रहाला मिळाले नाही.

१८/
मराठी छंद ख्रिस्ती आशयाला तोकडा होता, असेही म्हणता येणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. मात्र पुराण ही कथा असते. एक वाचतो, बाकीचे ऐकतात. स्तोत्र ही प्रार्थना असते. तिच्यात ‘मी’ आणि ‘आम्ही’ असतात आणि ते शब्द गाणाऱ्याला स्वतःचे म्हणून उच्चारावे लागतात. त्यामुळे ओवीची थोर परंपरा असूनही स्तोत्राची जागा मोकळीच राहिली.

१९/
ती जागा मोकळी राहिल्याने बिघडले काय? गीते आहेत, भक्ती आहे. मग स्तोत्रे हवीत कशाला? याचे उत्तर स्तोत्रसंहितेच्या पोटात आहे. तिच्यातील एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे तक्रारीची आहेत. ‘देवा, तू झोपलास काय’ या धर्तीचे प्रश्न ४४ व्या स्तोत्रात आहेत, आणि ते एका माणसाचे नाहीत; संपूर्ण समाज ते विचारतो. ७४ व्यात उद्ध्वस्त मंदिरासमोर उभा असलेला समाज आहे. ८८ व्यात तर शेवटच्या ओळीपर्यंत दिलासा येत नाही.

२०/
नव्याने रचलेल्या गीतसंग्रहांत, जगात सर्वत्र, हा भाग पातळ होतो. कवी विश्वासाने लिहायला बसतो. त्यामुळे स्तुती, आभार, समर्पण हे सूर ठळक होतात आणि गाऱ्हाणे शेवटच्या कडव्यात मिटवले जाते. वॉट्सने ८८ आणि १३७ सोडली ती याच वृत्तीने. रोमन कॅथलिक चर्चच्या नित्यप्रार्थनेच्या १९७० नंतरच्या आवृत्तीतूनही ५८, ८३ आणि १०९ ही तीन शापस्तोत्रे वगळण्यात आली. संपूर्ण ग्रंथ गाण्याच्या शिस्तीचे मोल येथे कळते: जे गावेसे वाटत नाही तेही ती गायला लावते.

२१/
दख्खनच्या मंडळ्यांचा इतिहास आठवला की हे अधिकच लागू पडते. १८७६–७८ चा दुष्काळ, १८९६ पासूनची प्लेगची साथ, १८९९–१९०० चा दुष्काळ; याच दशकांत येथील मंडळ्या वाढल्या. त्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. पाणवठ्यावर बंदी, उपासमार आणि मृत्यू यांतून आलेल्या या लोकांना देवापुढे उभे राहून जाब विचारणारी भाषा हवी होती. ती त्यांच्या हातातील पुस्तकात छापलेली होती, पण चालीविना.

२२/
आणि चालही शेजारीच होती. मराठीत ‘करुणापर अभंग’ नावाचा प्रकारच आहे. १६३० च्या दुष्काळात घरचे माणूस अन्नाविना गमावलेल्या तुकारामांनी देवाशी भांडण मांडले. चोखोबांनी मंदिराच्या दाराबाहेरून गाऱ्हाणे घातले. रामदासांची करुणाष्टके घरोघरी म्हटली गेली. देवावर रागावणे हा भक्तीचाच भाग आहे, हे मराठी श्रोत्याला कुणी नव्याने शिकवण्याची गरज नव्हती. मॅकनिकोल यांनी अभंगाला ‘साम’ म्हटले. उलट दिशेने जाऊन ८८ व्या स्तोत्राला करुणापर अभंग म्हणणे तितकेच योग्य ठरले असते.

२३/
रचनेच्या दृष्टीनेही मेळ बसतो. हिब्रू वचनाचे दोन अर्धे असतात. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात, आणि अक्षरांची मोजणी सैल असल्याने शब्दांना श्वास घ्यायला वाव मिळतो. पहिल्या चरणात विधान, दुसऱ्यात त्याची पुनरुक्ती, मग सर्वांचे पालुपद. अँग्लिकन परंपरेत गद्य स्तोत्र एका सुरावर म्हणत नेऊन शेवटी चाल वळवण्याची रीत आहे. पोथी सुरावर वाचणाऱ्या घरांना ती रीत ओळखीची वाटेल. कोल्हापुरात एस.पी.जी. या अँग्लिकन संस्थेचेही काम होते. तिच्या प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रे महिन्याच्या ३० दिवसांत विभागलेली होती.

२४/
पुनरुज्जीवन अशक्य नाही, याचा पुरावा मराठी मुलुखातच आहे. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना दार उघडले. फ्रान्समध्ये जोझेफ जेलिनो या जेझुइटाने त्यापूर्वीच, १९५० च्या दशकात, स्तोत्रे आणि समुदायाचे पालुपद अशी गायनपद्धती तयार केली होती. १९६९ च्या नव्या वाचनक्रमात पहिल्या वाचनानंतर प्रतिसादात्मक स्तोत्र नियमाने आले. त्यामुळे वसईपासून कोल्हापूरपर्यंत जेथे मराठीत मिस्सा होते, तेथे दर रविवारी मंडळी स्तोत्राला उत्तर देते.

२५/
हे कसे साधले ते नीट पाहावे. लोकांना १५० स्तोत्रे पाठ करायला सांगितले नाही. एक गायक चरण गातो, लोक एक ओळ परत परत म्हणतात. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असल्याने बरीच स्तोत्रे फिरून फिरून येतात. मर्यादाही आहे: पालुपद म्हणणाऱ्याच्या वाट्याला स्तोत्राची एकच ओळ येते, आणि कठोर भाग बहुधा निवडीतच येत नाही. सियालकोटच्या शेतमजुराकडे संपूर्ण झबूर होते. येथे तुकडा आहे.

२६/
प्रॉटेस्टंट बाजूला २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. कोल्हापूरची प्रेस्बिटेरियन परंपरा आणि अँग्लिकन परंपरा, दोन्ही एका छत्राखाली आल्या. कॅल्व्हिनचा वारसा, तीस दिवसांच्या स्तोत्रपाठाचा वारसा आणि सांगळे-टिळकांचा अभंग-कीर्तनाचा वारसा असे तीन प्रवाह एकाच चर्चच्या घरात आहेत. तीनही एकत्र मिसळले तर मराठी स्तोत्रगायनाला लागणारे सर्व काही हाताशी आहे.

२७/
जगभरात या विषयाला आज दोन्ही दिशांनी गती आहे. स्तोत्रांचा बालेकिल्ला मानल्या गेलेल्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने २०१० मध्ये गीतांना परवानगी दिली. त्याआधी २००३ मध्ये त्याच चर्चने आजच्या इंग्रजीतील नवा स्तोत्रसंग्रह काढला होता. अमेरिकेतील दोन चर्चनी मिळून २०१८ मध्ये १५० स्तोत्रे आणि गीते एकत्र असलेला संग्रह काढला. ‘फक्त स्तोत्रे की फक्त गीते’ हे जुने भांडण मागे पडत आहे. दोन्ही एका पुस्तकात राहू शकतात.

२८/
इतिहासातून निघणाऱ्या अटी तीन आहेत. पहिली, चाल लोकांची हवी. शहबाज यांचा उर्दू प्रयत्न आणि पंजाबी प्रयत्न यांतील फरक हाच. दुसरी, समुदायाला पहिल्या दिवसापासून गाता येईल असे काही हवे. स्कॉटलंडचा अग्रगायक, जेलिनोचे पालुपद आणि वारकऱ्यांचे टाळकरी हे तिन्ही त्याचे उपाय. तिसरी, निवडानिवड कमी हवी. जिनिव्हा आणि सियालकोट येथे सर्व १५० घेतली गेली, म्हणून दुःखाची स्तोत्रेही लोकांच्या तोंडी बसली.

२९/
पहिल्या दोन अटी महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच पूर्ण झाल्या आहेत. सांगळ्यांनी चाल दिली, कीर्तनाने पालुपद दिले. पेटी, टाळ, मृदंग मंडळीत कधीच स्थिरावले. उरते ती तिसरी अट, आणि ती संगीताची नाही. स्तुतीच्या सुरात बसलेल्या मंडळीने रविवारी सकाळी ८८ वे स्तोत्र गायला घ्यायचे आणि शेवटी दिलासा नाही हे सहन करायचे, असा तो निर्णय आहे.

३०/
ज्या मंडळीला आरंभ करायचा आहे तिच्यासाठी १३६ वे सर्वांत सोपे: २६ चरण, २६ वेळा तेच पालुपद, शिकवायला पाच मिनिटे. ८८ व्यासाठी मात्र दुष्काळाचा, साथीचा किंवा घरातील मृत्यूचा अनुभव असलेल्या लोकांनी एकत्र बसून चाल ठरवावी लागेल. करुणापर अभंगाची चाल त्यांना आधीच माहीत असेल.